चकेरीच्या भंगारातून उठलेली विमानं

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरजवळच्या चकेरी तळावर बी-२४ लिबरेटर जातीची बॉम्बर विमानं ओळीनं उभी होती. अमेरिकेनं बांधलेली, लेंड-लीज करारानं ब्रिटिश हवाई दलाला मिळालेली. युद्धानंतर ती परत करायची किंवा निकामी करायची, अशी अट होती. ब्रिटिशांनी जाण्यापूर्वी ती मन लावून निकामी केली. इंजिनांत वाळू ओतली, आतल्या उपकरणांवर कुदळी चालवल्या, काहींना बुलडोझरनं ठोकरलं.

१९४८मध्ये भारताला लांब पल्ल्याची बॉम्बर हवी होती आणि तिजोरीत खडखडाट होता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे कारागीर चकेरीत पोहोचले. याचं चाक, त्याचं इंजिन, तिसऱ्याचं सुकाणू असं जुळवत त्यांनी विमानं उडण्याजोगी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला घेऊन गेले आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा आकाशात गेली. नोव्हेंबर १९४८मध्ये त्यांच्या जोरावर हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं याच विमानांतून समुद्रावर टेहळणी केली. १९६८पर्यंत ती राबत होती.

तोवर बाकीच्या जगात लिबरेटर जवळपास संपली होती. अठरा हजारांहून जास्त बांधलेल्या या विमानाची अखंड उरलेली उदाहरणं आज मोजकीच आहेत आणि त्यांतली निदान सहा भारतीय हवाई दलात चाललेली आहेत. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. एक १९६८मध्ये कॅनडाला गेलं आणि त्याच्या बदल्यात पालमला लायसँडर विमान आलं. एक १९६९मध्ये थेट ॲरिझोनातल्या टूसॉनला उडत गेलं, तर एक १९७४मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयासाठी. ज्यांनी ती कुदळीनं फोडली, त्यांच्याच छपराखाली भारतीयांनी दुरुस्त केलेलं विमान पाहुणा म्हणून नव्हे, ठेवा म्हणून उभं आहे. याचा अभिमान आपल्याकडे जेवढा हवा तेवढा दिसत नाही.

जुन्या विमानांच्या शौकिनांमध्ये एक वाद कधी मिटत नाही: ही विमानं उडवावीत की नुसती जपावीत? उडवा म्हणणाऱ्यांची बाजू समजायची तर इंजिनाजवळ उभं राहायला हवं. लिबरेटरच्या प्रत्येक पंखावर दोन-दोन प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं, प्रत्येकात वर्तुळाकार मांडलेले चौदा सिलिंडर. विमान थांबून राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी माणसांनी पंख्याचं एकेक पातं हातानं ओढत इंजिन फिरवायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल वाहू द्यायचं. ‘अडलं’ हे हाताला कळावं लागतं. पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, पण शिकवतो तो शेजारचा मेकॅनिक. विमान कायमचं थांबलं की ही शिकवणीही थांबते.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही रक्तानं लिहिलेलं आहे. भारतातून विकल्या गेलेल्या एका लिबरेटरची अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशननं मोठ्या कष्टानं पुनर्बांधणी केली. १९८९पासून ते गावोगावच्या दौऱ्यांवर उडू लागलं. त्याच्याच जोडीनं दौरे करणारं ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-१७ विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेटिकटमध्ये कोसळलं आणि सात माणसं गेली. तपासात इंजिनांच्या देखभालीतल्या उणिवा समोर आल्या. पैसे घेऊन प्रवासी नेण्याची फाउंडेशनची परवानगी २०२०मध्ये काढून घेण्यात आली. पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये डॅलसच्या कार्यक्रमात दोन जुनी युद्धविमानं हवेतच धडकली, सहा जण दगावले.

या वादाला सरसकट उत्तर नाही, पण संख्येनं बराच उलगडा होतो. बोटांवर मोजण्याइतकी उरलेली लिबरेटर जमिनीवर, छपराखाली राहावीत. डकोटा हे जुनं मालवाहू विमान मात्र उडावं. ते दहा हजारांवर बांधलं गेलं, सुटे भाग अजून मिळतात आणि त्याची इंजिनं लिबरेटरच्याच घराण्यातली आहेत. एकावर शिकलेला हात दुसऱ्याला उपयोगी पडतो.

आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ म्हणूनच मोलाचं आहे. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं हे डकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. एप्रिल २०१८मध्ये हे विमान ब्रिटनहून उडत भारतात आलं. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाचा आहे. ते मूळ विमान हे नव्हे. काही अभ्यासकांना ते खटकेल, पण डकोटाचं इंजिन सुरू करणारी, त्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी माणसं त्यामुळे पुन्हा तयार होतात, आणि ही कमाई क्रमांकाच्या खरेपणाहून मोठी आहे.

काळजी वाटते ती गोव्याची. दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, उघड्यावर. एअर इंडियाचं हे प्रवासी विमान पुढे हवाई दलाकडे आलं आणि पुण्यात लिबरेटरच्याच स्क्वाड्रनमध्ये समुद्रावर पाळत ठेवू लागलं. १९७६मध्ये ही विमानं नौदलाकडे गेली. समुद्राची खारी हवा ॲल्युमिनियमची वैरीण. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे टेकतात तिथे ओलाव्यातलं मीठ शिरतं आणि धातू आतून फुगून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. वरून रंग दिला की दोन वर्षं बरं दिसतं, आतलं चालूच राहतं. पुण्यात कमला नेहरू पार्कातल्या मरुत लढाऊ विमानाला समुद्र नाही, पण पावसाळा चुकत नाही. मरुत तर आपल्याच कारखान्यातलं, एकूण १४७ बांधली गेली, आता एकही उडत नाही.

गोव्याच्या विमानाला निदान छप्पर हवं. उंच शेपटाची तीन सुकाणं मावतील एवढी शेड हा काही अशक्य खर्च नव्हे. त्याहून स्वस्त आणि जास्त तातडीचं एक काम आहे. नौदलात सुपर कॉन्स्टेलेशन १९८०च्या दशकापर्यंत उडत होतं. तेव्हा विशीत असलेले तंत्रज्ञ आज साठी ओलांडून गेले असतील. त्यांना त्या विमानापाशी नेऊन, एकेक झडप उघडून, कुठला नट कुठल्या पान्यानं फिरायचा आणि कुठली नळी नेहमी गळायची, हे कॅमेऱ्यासमोर बोलतं करायला एक हिवाळा पुरेल.