घरच्या धान्याचे अर्पण



कापणीच्या उपासनेस काही कुटुंबे वाण्याकडून विकत घेतलेले गहू आणितात. घरच्या कणगीत ज्वारी असते. पण ती देवापुढे ठेवण्यास त्यांस संकोच वाटतो. ह्या संकोचाविषयी आज आपण विचार करू.

हे धान्य आपणांस कसे मिळते ते पाहा. रब्बीची ज्वारी आपण पाभरीने पेरितो, त्या सुमारास पाऊस परतू लागतो. पुढे काळ्या भुईने पोटात जिरवून ठेवलेल्या ओलीवरच ते पीक उभे राहते. शेतकरी कोळपे चालवून भेगा बुजवितो, माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकितो. तथापि ती ओल त्याने भरलेली नसते. मग दाणे माणसास, कडबा बैलास व धसकटे भुईस, असा प्रत्येकाचा वाटा त्या एका ताटातून निघतो. असे दान हलके कसे म्हणावे?

मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळिले. ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु जगाने वाखाणिले म्हणून आपली भाकर थोर झाली, असे नव्हे.

योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आठवा. त्या मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या. त्या देशी जव हे गरिबांचे अन्न होते. प्रभूने त्यास गहू आणावयास धाडिले नाही. जे होते तेच हाती घेऊन त्याने उपकारस्तुती केली. पाच हजार पुरुष जेविले, आणि उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या.

ज्वारीचा पेरा आज पूर्वीपेक्षा पुष्कळ घटला आहे. बाजारभाव, मजुरांची टंचाई, शिधावाटपाचे स्वस्त गहू-तांदूळ ही त्याची कारणे आम्ही जाणतो, आणि पोटासाठी दुसरे पीक घेणाऱ्यास दोष देत नाही. पण लाज हे त्याचे कारण होऊ नये. पाहुणा येताच ज्या घरी भाकर झाकून ठेवितात, त्या घरचे लेकरू ती थापणाऱ्या आईच्या हातांचीही लाज धरावयास शिकते. ही हानी पीक बुडण्याहून मोठी आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, यंदा मेजावर ज्वारी-बाजरीच्या कणसांची पेंढी सर्वांच्या पुढे ठेवा. ज्याने जे पेरिले ते त्याने आणावे. जिच्या घरी पायलीभरच पिकले, त्या विधवेची ओंजळ मोठ्या गोणीमागे लपू देऊ नका. उपासनेनंतर सर्वांनी एका पंक्तीस बसून तीच भाकर खावी.

प्रभू आपल्या कणग्यांस व अंतःकरणांस आशीर्वाद देवो. आमेन.