डॉक्टरांची आलोचना

पिरनवाडीच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी बेळगावचं इस्पितळ गाठावं लागतं. तिथे डॉक्टरच्या हातून चूक झालीच, तर ती पारखायची कुणी? २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फौजदारी कारवाईआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं निःपक्षपाती मत घ्यावं. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तेव्हा काय सुचायला हवं होतं, हे डॉक्टरलाच कळणार. म्हणून ते योग्यच. पण मत देणाऱ्या त्या डॉक्टरचा शब्द खरा कशावरून? हा प्रश्न मला कायद्यापेक्षा धर्माचा वाटतो, आणि त्याचा बारीक विचार याच मुलखात रुजलेल्या एका परंपरेने केला आहे.

निपाणी-चिकोडीकडच्या जैन समाजात, जिथे भोजचे आचार्य शांतिसागर झाले, आलोचना म्हणजे टीका नव्हे. गुरूपुढे आपला दोष आपण होऊन सांगणं. या सांगण्यातही दहा दोष शिरू शकतात, असं जैन ग्रंथ बजावतात. इतरांनी पाहिलं तेवढंच कबूल करणं हा ‘दृष्ट’. गलक्यात, ऐकूच जाणार नाही असं सांगणं हा ‘शब्दाकुलित’. आणि जो स्वतः तोच दोष करतो त्याच्यापुढे सांगणं, हा ‘तत्सेवी’. इस्पितळातलं डेथ ऑडिट, म्हणजे झालेल्या मृत्यूंची डॉक्टरांनीच घेतलेली झडती, या दोषांवर ताडून पाहावं. नर्सचा फोन दोनला गेला, डॉक्टर चारला आले, पण केसपेपरवर वेळ नाही म्हणून बैठकीतही विषय नाही: हा दृष्ट. वीस मृत्यू पाऊण तासात उरकले: शब्दाकुलित. ‘सगळे एकमेकांना सांभाळून घेतात’ ही लोकांची तक्रार तत्सेवीचीच, आणि ती रास्त आहे. म्हणून परीक्षक बाहेरचा हवा, पेशंट पाठवण्याच्या देवघेवीत नसलेला.

पण कबुलीच्या आड भीतीही येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. खासगी इस्पितळांवरच्या नव्या विधेयकातल्या तुरुंगवासाला त्यांचा विरोध होता. तुरुंगाची ती भीती मी खोटी मानत नाही. धाकाने कबुली आटते. म्हणूनच आलोचना ऐकणारा आचार्य ‘अपरिस्रावी’, म्हणजे ऐकलेलं बाहेर न झिरपू देणारा असावा, असं जैन ग्रंथांत म्हटलंय. मग नातेवाइकांनी अंधारातच राहायचं का? मुळीच नाही. गुप्तता कबुलीला, घडल्या गोष्टीला नाही. बॉस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन याने १९११ ते १९१६ या काळातल्या आपल्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला, तोही कुणी मागितला नसताना. त्यात १२३ चुका त्याने स्वतःच नोंदवल्या होत्या.