वही सापडत नाही तेव्हा

गंगाखेडला आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या एका लॅबमधल्या रोबोटसाठी स्क्रिप्ट लिहितो, असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रजनीकांतचा सिनेमा येतो. प्रत्यक्षात हा रोबोट म्हणजे काचेची एक मोठी पेटी. आत एक हात सरकतो आणि त्याला लावलेला पिपेट एका खड्ड्यातून थेंबभर द्रव उचलून दुसऱ्या खड्ड्यात सोडतो. एका प्लेटमध्ये असे ९६ खड्डे. कुठल्या खड्ड्यात किती मायक्रोलिटर टाकायचं ते एका सीएसव्ही फाईलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाईल वाचणारी पायथनची स्क्रिप्ट माझी.

माझा निम्मा वेळ ती फाईल सापडण्यातच जातो. लॅपटॉपवर चालतं, रोबोटवर चालत नाही, ही आमच्या धंद्यातली नेहमीची रड. कारणं क्षुल्लक असतात. ओपनट्रॉन्सच्या ओटी-२ सारख्या यंत्राच्या पोटात एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर असतो. स्क्रिप्ट तिथे जाऊन चालते, पण तिच्या शेजारी ठेवलेली सीएसव्ही आपोआप तिच्या मागे जात नाही. स्क्रिप्टमध्ये तुम्ही लिहिलेला ‘डी ड्राइव्ह’ तिथे नसतोच. एक्सेलने फाईलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट चिकटवले असतील, तर पहिल्या कॉलमचं नाव डोळ्यांना बरोबर दिसूनही जुळत नाही. आणि विंडोजला फाईलच्या नावातलं कॅपिटल अक्षर आणि स्मॉल अक्षर एकच वाटतं, लिनक्सला नाही.

या शेवटच्या कारणाने मला अडकवलं. म्हणजे, अडकवलं मीच.

स्क्रिप्ट पहिल्यांदा रोबोटवर टाकली तेव्हा फाईल सापडत नव्हती. संध्याकाळी डेमो होता. मी चार ओळी घातल्या: फाईल मिळाली तर वाच, नाही मिळाली तर सगळीकडे ५ मायक्रोलिटर धर. शेजारी कॉमेंट लिहिली, ‘तात्पुरतं’. डेमो छान झाला. प्रोग्रॅमरने लिहिलेलं ‘तात्पुरतं’ आणि रस्त्यावरचं ‘काम चालू आहे’ यांचं आयुष्य सारखंच असतं.

दोन महिन्यांनी एका एमएस्सीच्या मुलीने त्याच स्क्रिप्टवर आपल्या हरभऱ्याच्या पानांतला डीएनए लावला. प्रत्येक नमुन्यात डीएनए कमी-जास्त असतो, म्हणून दाट नमुन्यातून थोडा आणि पातळातून जास्त घेऊन सगळे एका पातळीवर आणायचे असतात. तिने फाईलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल केलं. तिच्या विंडोज लॅपटॉपवर चाचणी नीट झाली. रोबोटवर फाईल ‘नव्हती’. त्याने न बोलता ९६ खड्ड्यांत पाच-पाच मायक्रोलिटर सोडलं आणि ‘काम पूर्ण’ असा हिरवा दिवा लावला. मायक्रोलिटरला दहा नॅनोग्रॅमच्या नमुन्यातूनही पाच, ऐंशीच्या नमुन्यातूनही पाच, असला हिशेब.

पुढच्या टप्प्याचे निकाल विस्कटलेले आले. तिने ग्रुपवर लिहिलं, “बहुतेक माझंच चुकलं, आधीचं पिपेटिंग हाताने केलं होतं.” मी लॉग उघडला. पाच, पाच, पाच, खालपर्यंत पाच. रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी लॅपटॉप मिटला आणि ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा १८७७ सालचा एक निबंध आहे, श्रद्धेच्या नीतीवर. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला आतून कळतं. पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या फेऱ्या झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच, पण जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी असता. कारण ‘ठीक आहे’ असं मानायचा त्याला हक्कच नव्हता. मला हे पहिल्यांदा वाचताना अति वाटलं होतं. त्या रात्री वाटलं नाही. माझ्या त्या चार ओळी डेमोच्या संध्याकाळीही इतक्याच खोट्या होत्या, फक्त तेव्हा कुणाचं काही बुडालं नव्हतं.

पण थांबा, ठरावीक आकडा धरून चालणं म्हणजे दरवेळी खोटेपणा का? आमच्याकडे सोयाबीनला खत टाकताना किती जण माती तपासून टाकतात? बाकीचे कृषी विद्यापीठाची शिफारशीत मात्रा टाकतात. तोही अंदाजच, पण तो आपलं नाव सांगून येतो. ही सरासरी शेताची मात्रा आहे, तुमच्या शेताची नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. आई मीठ अंदाजाने टाकते आणि मग बोटावर घेऊन चाखते. माझा पाचचा आकडा मात्र मोजलेल्या आकड्याचे कपडे घालून आला होता, आणि चाखणारं कुणी नव्हतं.

मोठ्या संस्थांतही हे होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रोजच्या आकड्यांतून कोविडचे १५,८४१ रुग्ण गळाले होते. एक्सेलच्या जुन्या फाईलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. वरच्या नोंदी बाहेर राहिल्या आणि वेळेवर कुणाला कळलं नाही. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. फाईल अडून बसली असती, तर त्याच दिवशी कुणीतरी वैतागून बघितलं असतं.

झोप येईना तेव्हा बाबांच्या दुकानातली वही आठवली. किराणा दुकान, लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही. मी सातवीत असताना एक गिऱ्हाईक आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे फेडायला आलं आणि वही घरी राहिलेली. तो म्हणाला, “साडेतीनशेच्या आसपास असतील, घ्या.” बाबा म्हणाले, “आसपास नको. वही नाही तर आकडा नाही. उद्या ये बापू.” तो उद्या आला नाही, महिनाभराने आला. मला तेव्हा बाबा अडाणी वाटले होते, हातचे पैसे सोडले म्हणून. आकडा कमी पडला असता तर बाबांचं नुकसान, जास्त झाला असता तर त्याचं, आणि दोघांनाही ते कधी कळलं नसतं. हे मला सातवीत सुचायचं कारण नव्हतं.

सकाळी उठून मी पहिल्यांदा काय केलं सांगतो: ती ओळ गुपचूप काढून नवीन आवृत्ती चढवायची तयारी केली. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहूनही झालं होतं. ती मुलगी रात्रभर स्वतःच्या हाताला दोष देत बसली असणार, हे माहीत असून. फाईल सापडली नाही हे रोबोटने तिला सांगितलं नाही आणि मीही सांगत नव्हतो. रोबोटला निदान मी तसं शिकवलं होतं. मला कुणी शिकवलं?

अकराच्या सुमारास फोन केला. सगळं सांगितलं, ‘तात्पुरतं’सकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने विचारलं, “दादा, तुम्हाला कधी कळलं?” मी म्हणालो, काल रात्री. ती “बरं” म्हणाली. त्या ‘बरं’चा अर्थ विचारायची माझी हिंमत झाली नाही. नंतर कळलं, अकरा नमुन्यांत परत करण्याइतका डीएनए उरला नव्हता आणि शेतातला हरभरा केव्हाच काढून झाला होता. तिच्या प्रबंधात ते अकरा नमुने वगळल्याची एक ओळ आहे. कारण ‘तांत्रिक’ असं दिलंय. माझं नाव नाही.

आता स्क्रिप्ट फाईल सापडली नाही की थांबते, कुठे शोधली तो पूर्ण पत्ता दाखवते आणि हात जागेवरून हलवत नाही. ९६ पैकी एक रकाना रिकामा असला तरी थांबते. लॅबमध्ये सगळे कावलेत. परवा रात्री पावणेबाराला तिचाच फोन आला.

“दादा, तुमचा रोबोट परत अडून बसलाय.”

“काय म्हणतोय?”

“एच-बाराचा आकडा नाही म्हणतोय. थांबा, वही बघून सांगते.”