‘नम्म’ आणि ‘न मम’

गृहस्थाच्या धर्माचा विचार करताना घर, देवघर, शेत, बाजार आणि सभा ही त्याची कर्मक्षेत्रे मानण्याची रीत आहे. मोठ्या नगरातील आजच्या गृहस्थाच्या वाट्याला यांखेरीज आणखी एक क्षेत्र आले आहे. ते म्हणजे घर आणि कचेरी यांमधील वाट. रोजचा दीड-दोन तासांचा काळ या वाटेवर जातो. वर्षाचा हिशेब केला तर तो देवपूजेच्या काळाहून कितीतरी अधिक भरेल. हा काळ धर्माच्या खात्यात धरावयाचा की नाही? पुष्कळांची समजूत अशी असते की, सकाळचे स्तोत्र म्हणून झाले म्हणजे परमार्थ संपला, कचेरीत पोहोचल्यावर कर्तव्य सुरू होईल, आणि मधला प्रवास हा केवळ कसाबसा सोसावयाचा काळ आहे. परंतु भगवंतांनी अर्जुनाला उपदेश केला, तो मठात किंवा देवळात नव्हे. दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या केलेल्या एका वाहनात केला. ज्या धर्माचा उपदेशच रथावर झाला, तो धर्म वाहनात पाऊल ठेवताच स्थगित होतो असे मानणे विचित्र होय.

बेंगळूरुचे उदाहरण घ्यावे. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी वसविलेले, आणि सतराव्या शतकात शहाजीराजांची जहागीर म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले हे नगर आज सर्व प्रांतांतील माणसांचे पोट भरीत आहे. तेथील रस्त्यांवरील कोंडी देशभर ठाऊक आहे. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता एवढ्या लहानशा अंतरावर तेथे मेट्रो प्रथम धावली. ९ ऑक्टोबर २०२३ पासून जांभळ्या मार्गावरील गाडी पश्चिमेच्या चल्लघट्टापासून पूर्वेच्या व्हाइटफील्डपर्यंत सुमारे ४३ किलोमीटर सलग जाते. उत्तर-दक्षिण जाणारा हिरवा मार्ग तिला मॅजेस्टिक येथील नाडप्रभु केंपेगौडा स्थानकात छेदतो. १० ऑगस्ट २०२५ रोजी बोम्मसंद्रकडे जाणारा १९ किलोमीटरांचा पिवळा मार्गही उघडला. संगणकाच्या कंपनीतील अभियंता, बाजारातून फुले घेऊन निघालेली बाई, परीक्षेला जाणारा विद्यार्थी आणि रुग्णालयाची वाट धरलेला वृद्ध ही सर्व मंडळी सकाळी एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून उभी असतात. घरी एकमेकांच्या उंबरठ्यावर ज्यांचे पाऊल कधी पडले नसते, त्यांना ही गाडी अर्ध्या तासापुरते एका छपराखाली आणते.

या गाडीचे नाव ‘नम्म मेट्रो’ असे आहे. ‘नम्म’ हा कानडी शब्द. त्याचा मराठीत अनुवाद करू जाता एक नाजूक अडचण उभी राहते. कानडीत एकाच शब्दाने काम भागते. मराठीत मात्र दोन शब्द आहेत, ‘आमची’ आणि ‘आपली’. ‘आमची’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आमची गाडी’ याचा अर्थ आमची आहे, तुमची नाही. ‘आपली’ म्हणताना ऐकणाराही आत येतो. इतकेच नव्हे, तर समोरच्या माणसाशी आदराने बोलताना ‘आपली’ म्हणजे ‘तुमची’ असाही अर्थ होतो. जी माझी तीच तुमची, हा भाव मराठीने एका शब्दात साठविला आहे. तेव्हा ‘नम्म मेट्रो’ म्हणजे आमची मेट्रो की आपली मेट्रो? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो. वस्तुतः तो धर्माचा प्रश्न आहे. जी वस्तू सर्वांची, तिच्यावर एकेकाचा हक्क कोणता?

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच नगरातील राजाजीनगर स्थानकावर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. एक शेतकरी डोक्यावर गाठोडे घेऊन स्थानकात आला. त्याच्यापाशी तिकीट होते, परंतु कपडे मळलेले आहेत म्हणून तपासणीच्या जागी त्यास अडविण्यात आले. तेथे असलेल्या काही प्रवाशांना ते सहन झाले नाही. त्यांनी अडविणाऱ्यांना जाब विचारला, या मनुष्याचा अपराध काय ते सांगा असा आग्रह धरला, आणि त्याला आत नेले. त्या प्रसंगाचे चित्रण देशभर पाहिले गेले. मेट्रोच्या व्यवस्थापनाने दिलगिरी व्यक्त केली आणि सुरक्षा-पर्यवेक्षकास कामावरून दूर केले.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटले. धर्मदृष्टीने ते येथे सुरू होते. अडविणारा मनुष्यही कोणी धनिक नव्हता. तोही पोटासाठी उभा राहणारा नोकर होता. मळक्या कपड्यांचा मनुष्य आत गेल्यास अडचण होईल, ही कल्पना त्याच्या मनात कोठून आली असावी? डब्यात मळक्या सदऱ्याचा मजूर येऊन उभा राहिला की शेजारचा मनुष्य हलकेच अंग आक्रसून घेतो, पिशवी दुसऱ्या बाजूस करतो, कोणी जागा बदलतो. कोणीही तोंडाने काही बोलत नाही. परंतु रोज दारात उभ्या असलेल्या माणसाला हे न बोललेले शब्द ऐकू येत नसतील काय? शेकडो सुशिक्षितांनी मनात जपलेली इच्छा कधी एका अल्पवेतनी माणसाच्या हातून कृतीत उतरते, आणि शिक्षा होते ती त्या एकालाच. त्याचा दोष नव्हता असे नव्हे. पण त्याला घरी पाठविल्याने आपल्या मनातील द्वारपाल घरी जात नाही. ज्ञानी पुरुष ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ या सर्वांच्या ठायी समदृष्टी ठेवतो, असे गीतेच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. तो अध्याय नित्य पठण करणाऱ्याने डब्यात मजूर शेजारी आला असता आपले अंग कोणत्या दिशेस सरते, एवढे एकदा पाहावे.

येथे कोणी अशी शंका घेईल की, शौच हाही धर्मच आहे. गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत आणि दैवी संपत्तीत त्याची गणना केली आहे. मग सार्वजनिक जागी स्वच्छतेचा आग्रह धरण्यात चूक काय? याचे उत्तर असे की, ही लक्षणे साधकाने आपल्या अंगी बाणवावयाची म्हणून सांगितली आहेत, दुसऱ्याची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. जो गुण स्वतःकडे वळविला असता तप होतो, तोच दुसऱ्यावर रोखला असता दर्प होतो. मद्यपान करून दंगा करणाऱ्यास, थुंकणाऱ्यास किंवा स्त्रियांस त्रास देणाऱ्यास अडविणे योग्यच आहे, कारण तो नियम आचरणाचा आहे. शेतकऱ्याच्या सदऱ्यावरील माती हे आचरण नव्हे. ती त्याच्या कर्माची खूण आहे. प्राणी अन्नापासून होतात, असे तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. ते अन्न ज्या मातीतून येते, ती माती अंगावर घेऊन आलेल्या मनुष्यास, सकाळी तेच अन्न खाऊन निघालेल्या लोकांच्या गाडीत मज्जाव व्हावा, याहून मोठा विपर्यास कोणता?

दुसरी शंका अशी येईल की, मनुष्याने भाडे मोजले म्हणजे त्याला जागेचा हक्क मिळाला. त्यात यज्ञ आणि त्याग यांची भाषा कशाला? परंतु भाड्याने नेमके काय विकत घेतले जाते याचा विचार करावा. नगराच्या पोटात खडक फोडून बोगदे खणणारे मजूर दूरदूरच्या प्रांतांतून आले होते. ही मेट्रो केंद्र सरकार आणि कर्नाटक सरकार यांची समाईक आहे. तिच्या उभारणीत जो कधी तिच्यात बसणार नाही, अशा खेडुताचाही पैसा आहे. खांबांसाठी कोणाच्या जागा गेल्या, कोणाची दुकाने हलली, कोणाची झाडे तुटली. एवढ्या लोकांनी घातलेल्या आहुतींतून जे उरले, ते प्रवाशाच्या वाट्याला आले आहे. भाड्याने प्रवास मिळतो. गाडीची मालकी मिळत नाही. घेतलेल्याची परतफेड न करता जो केवळ भोगतो, त्याला तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. हा शब्द कठोर आहे. पण टोकन विकत घेणाऱ्यासही तो लागू पडतो.

मग ‘माझे नाही’ असे म्हणणाऱ्याने अन्यायही मुकाट्याने सोसावा काय? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये या मेट्रोची भाडी वाढली. कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर गेले. लोकांनी आवाज उठविला, तेव्हा काही टप्प्यांवरील वाढ थोडी कमी करण्यात आली. मध्यंतरी प्रवाशांची संख्या घटली, कारण ज्यांना नवे भाडे परवडेना त्यांनी पुन्हा बस किंवा दुचाकी धरली. अशा वेळी दोन प्रकारची मने दिसतात. एक मन म्हणते, महाग झाली खरी, पण आता गर्दी कमी झाली, बसावयास जागा मिळते. दुसरे मन म्हणते, मला परवडते, पण कालपर्यंत शेजारी उभा राहणारा तो मुलगा आज दिसत नाही, त्याच्यासाठी बोलले पाहिजे. पहिल्याची गाडी ‘आमची’ आहे, दुसऱ्याची ‘आपली’. स्वतःच्या सोयीसाठी केलेली तक्रार आणि सर्वांच्या हितासाठी केलेली तक्रार यांचे शब्द कदाचित एकच असतील. पण पहिली स्वार्थ आहे आणि दुसरी लोकसंग्रह आहे. निर्ममता म्हणजे उदासपणा नव्हे. ‘माझे’ हा शब्द गळून पडला म्हणजेच दुसऱ्याचे दुःख स्पष्ट दिसू लागते.

यज्ञात अग्नीमध्ये आहुती टाकताना यजमान ‘न मम’, हे माझे नव्हे, असे शब्द उच्चारतो. कानडी ‘नम्म’ आणि संस्कृत ‘न मम’ यांचे कुळ वेगळे. दोहोंचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. केवळ ध्वनीचे साम्य आहे. परंतु त्या साम्यातून एक अर्थ हाती लागतो. जेथे प्रत्येक जण मनात ‘न मम’ म्हणतो, तेथेच वस्तू सर्वांची ‘नम्म’ होते. प्रत्येकाने ‘मम’ म्हटले, तर गाडी कोणाचीच राहत नाही. उरते ती केवळ ढकलाढकली.

आसनाचा प्रसंग घ्या. वृद्ध मनुष्य किंवा गर्भवती स्त्री समोर येऊन उभी राहते आणि बसलेला तरुण हातातील फोनमध्ये अधिकच खोल पाहू लागतो किंवा डोळे मिटून घेतो. इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे. येथे तर डोळे मिटण्याचे कारणच विषय सुटू नये हे आहे! याच्या उलट जो उठतो, त्याच्या त्या लहानशा दानाला एक दुर्लभ योग लाभतो. गावात केलेल्या दानाचे नाव होते, नात्यात केलेल्या उपकाराची फेड होते. डब्यात मात्र घेणाऱ्यास देणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, आणि पुढच्या स्थानकावर उतरलेला मनुष्य जन्मात पुन्हा भेटेलच असे नाही. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य स्थळी आणि योग्य वेळी, द्यावयाचे म्हणून दिलेले दान सात्त्विक, असे सतराव्या अध्यायाचे सांगणे आहे. पहाटेपासून राबून थकलेल्या माणसाने आपले आसन देणे ही लहान गोष्ट नव्हे; जो स्वतः आजारी किंवा अगदी गळून गेलेला आहे, त्याने न उठल्यास त्याला कोणी दोषही देऊ नये. कारण दुसऱ्याच्या थकव्याचे माप घेण्याचा अधिकारही ‘मम’ नव्हे.

१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री याच मेट्रोतून एका दात्याचे यकृत व्हाइटफील्डहून राजराजेश्वरीनगरकडे नेण्यात आले. रस्त्यावरील कोंडीत जो वेळ वाया गेला असता, तो गाडीने वाचविला. शरीराइतके ‘माझे’ असे जगात दुसरे काय आहे? आणि मृत्यूच्या घरात बसलेल्या कुटुंबाने आपल्या माणसाच्या देहाचा एक भाग अनोळखी मनुष्याला देण्यास होकार देणे, याहून अवघड ‘न मम’ कोणते? ज्या वाहनातून एवढे मोठे दान गेले, त्यातच दुसऱ्या सकाळी एका आसनासाठी मने कडू होतात. दोन्ही मनुष्यस्वभावच आहेत. कोणता वाढवावयाचा, हे ज्याने त्याने ठरवावयाचे आहे.

यासाठी मोठ्या साधनेची आवश्यकता नाही. फाटकावर टोकन किंवा कार्ड टेकविताना क्षणभर मनात ‘न मम’ म्हणावे. उतरणाऱ्यास आधी वाट द्यावी. शेजारी कोणत्याही वेषाचा मनुष्य आला तरी अंग आक्रसू नये. कोणास अन्यायाने अडविलेले दिसले, तर घाई असली तरी थांबून दोन शब्द बोलावेत. राजाजीनगरच्या त्या प्रवाशांनाही कोठेतरी वेळेवर पोहोचावयाचे असेलच. आणि मुले बरोबर असतील तेव्हा हे विशेष कटाक्षाने पाळावे, कारण ‘आमचे’ आणि ‘आपले’ यांतील भेद मुले व्याकरणाच्या पुस्तकातून शिकत नाहीत, वडीलधाऱ्यांच्या वागण्यातून शिकतात. जे डब्यात साधेल तेच पुढे गल्लीतील नळावर, देवळाच्या रांगेत आणि भावाभावांच्या वाटणीत साधेल. जो गृहस्थ अर्ध्या तासापुरते मिळालेले आसन सोडू शकत नाही, त्याने अंतकाळी सर्वच सोडावे लागेल तेव्हा मन शांत राहील अशी आशा कशाच्या बळावर धरावी? त्या दिवसाचा अभ्यास रोज सकाळी, एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत, करता येण्यासारखा आहे.