माणसे जाणणाऱ्याची चाकरी

मानवशास्त्राची पदवी घेऊन पुढे करावयाचे काय, हा प्रश्न आपल्या मध्यम स्थितीतील घरांतून नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर आजवर बहुधा ठरलेले असे. अध्यापकी पत्करावी, एखाद्या संग्रहालयात जागा मिळवावी, नाहीतर १९४५ साली स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणासारख्या सरकारी खात्यात शिरावे. अलीकडे या तीन वाटांना चौथी फुटली आहे. कारखाने, बँका आणि संगणकाचा व्यापार करणाऱ्या कंपन्या लोकांचे रीतिरिवाज जाणणारी माणसे पगारावर ठेवू लागल्या आहेत. गिऱ्हाईक घरी काय करते, कामगार आपसांत काय ठरवितात, गाव कोणाच्या शब्दाने हलते, हे त्यांस जाणून घ्यावयाचे असते. पोटाची सोय झाली म्हणून आईबापांस समाधान वाटते, आणि शास्त्र बाजारात बसले म्हणून प्राध्यापकांस हळहळ वाटते. आमच्या मते हे समाधान आणि ही हळहळ, दोन्हीही मूळ प्रश्नाला बगल देतात.

प्रथम हळहळीचा विचार करू. पूर्वी हे शास्त्र कोणाचेच मिंधे नव्हते, अशी तिच्यामागे समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. मुंबई इलाख्यातील जातिजमातींची माहिती देणारे एन्थोव्हेन यांचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाले. एन्थोव्हेन हे सरकारचे सनदी नोकर होते. त्याही फार पूर्वीपासून आमच्या गावोगाव कुलकर्णी होताच. शेत कोणाच्या नावावर, ते कसतो कोण, गहाण कोठे पडले आहे, कोणत्या भावकीत तंटा आहे, हे सारे त्याला ठाऊक असे. त्याला कोणी शास्त्रज्ञ म्हटले नाही. पण अडल्या वेळी गाव त्याच्याच ओट्यावर जाई, आणि त्याच्या लेखणीला भिऊनही असे. १९५० च्या कायद्याने कुलकर्ण्यांची वतने गेली, पण तो आदर आणि ती भीती एकत्र का नांदत होती, हे समजून घेणे आज पुन्हा अगत्याचे झाले आहे.

आता समाधानाकडे वळू. या विद्येचा व्यवहारात उपयोग होतो, याविषयी शंका नको. अमेरिकेत शिकागोनजीक हॉथॉर्न येथे टेलिफोनची सामग्री बनविणारा एक मोठा कारखाना होता. तेथील तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांच्या कामाचे १९३१-३२ साली बारकाईने निरीक्षण करण्यात आले, आणि त्यासाठी लॉइड वॉर्नर या मानवशास्त्रज्ञाचा सल्ला घेण्यात आला होता. अधिक मजुरीच्या लोभाने मनुष्य अधिक काम करतो, असे मालक धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या चौदाजणांनी दिवसाचे काम किती करावयाचे हे आपसांत ठरवून टाकले होते, आणि जो जास्त करी त्याला इतरांचे टोमणे खावे लागत. तसेच, १९८० नंतरच्या काही वर्षांत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लूसी सचमन या विदुषींनी नवे नक्कलयंत्र वापरणाऱ्यांचे चित्रण केले. त्यात संगणकशास्त्रातील नाणावलेले विद्वानही त्या यंत्रापुढे गोंधळलेले दिसले. यंत्र चालविता येत नाही तो अडाणी, हे म्हणणे त्यानंतर कोणास सोपे राहिले नाही. येथे माणसांविषयीचे ज्ञान धन्यापर्यंत गेले आणि त्यातून वापरणाऱ्याची बाजू पुढे आली. हे चांगलेच झाले.

परंतु हॉथॉर्नची कथा तेथेच संपत नाही. १९३६ पासून त्या कारखान्यात कामगारांची गाऱ्हाणी ऐकून घेणारे सल्लागार नेमण्यात आले. त्यांनी शांतपणे ऐकावे एवढीच अपेक्षा होती; गाऱ्हाण्याचे कारण दूर करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. मनुष्य बोलून मोकळा झाला की त्याचा राग निवतो, हेही मनुष्यस्वभावाचे ज्ञानच आहे. पण त्याचा लाभ कोणास झाला, हे वाचकांनी ठरवावे.

हाच प्रश्न आपल्या मावळात आणून पाहिला म्हणजे त्याचे खरे स्वरूप कळते. लोणावळ्यास धरणाची कोनशिला १९११ साली बसली. घाटमाथ्यावर साठविलेले पाणी नळांतून खाली खोपोलीस सोडावयाचे, आणि त्यापासून होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांस पुरवावयाची, अशी टाटांची योजना होती. ती १९१५ साली सिद्धीस गेली. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले, आणि त्यानंतर मुळशीची पाळी आली. जुन्या काळी मावळ म्हणून जी खोरी ओळखली जात, त्यांतलेच हे निळा-मुळेचे भाताचे खोरे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली, आणि तरीही १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्यास वीज निघू लागली.

पावसाचे इंच आणि कड्याची उंची ही कंपनीच्या इंजिनिअरांनी मोजली होती. पण खोऱ्यातील जमिनीचा हिशेब इंचांत मावणारा नव्हता. पुष्कळ ठिकाणी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकाराची, आणि ती कसणारा मावळा कूळ वा ऋणको. सावकारास जमिनीचे मोल पैशांत हवे होते, ते वाढवून मिळाले की त्याचे भांडण मिटत होते. कसणाऱ्यास मात्र पैसा नको, जमीनच हवी होती. या दोन हितांतील भेगेने ती चळवळ कमकुवत झाली.

आता अशी कल्पना करा की, कंपनीने त्या वेळी एक मानवशास्त्रज्ञ पगारावर ठेवला असता. तो गावोगाव हिंडला असता, भावकीच्या वंशावळी त्याने लिहून घेतल्या असत्या, कोणाचे कर्ज किती आणि कोणाचे कोणाशी वाकडे हे टिपले असते. ती वही घेऊन तो धन्याकडे जाऊन म्हणू शकला असता की, "मोबदला सावकाराच्या घरी जाईल आणि कसणारा देशोधडीला लागेल; करावयाचे तर जमिनीस जमीन द्या, नाहीतर हा बेत सोडा." आणि तीच वही उघडून तो असेही म्हणू शकला असता की, "आधी अमुक सावकाराशी तडजोड करा. अमुक वाडीतील दोन भावांत वितुष्ट आहे, त्यातला धाकटा प्रथम सही करील." दोन्ही सल्ल्यांस ज्ञान तेच लागते. वहीतील एक अक्षरही बदलावे लागत नाही. या विद्येच्या चाकरीतला नैतिक पेच आम्हांस येथे दिसतो. शास्त्र शुद्ध असून भागत नाही आणि पगार कोण देतो एवढ्यानेही निर्णय होत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग अशी वही लिहूच नये. हेही आम्हांस पटत नाही. लोकांस न जाणता त्यांच्यावर योजना लादली म्हणजे काय होते, हे मावळाने पुढेही पाहिले आहे. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला, आणि तिघे प्राणास मुकले. नदी वाहती राहणे म्हणजे काठच्या शेतकऱ्याला काय, हे नळाच्या आराखड्यात दिसत नाही. ते सांगणारा कोणीतरी हवाच असतो.

तेव्हा चाकरी करावी. पण कोणत्या अटींवर? अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी १९१९ साली शास्त्राच्या मिषाने हेरगिरी करणाऱ्यांचा जाहीर निषेध केला, तेव्हा त्यांच्याच धंदेबंधूंनी त्यांस दोषी ठरविले. तो ठपका मागे घेण्यास २००५ साल उजाडले. तथापि १९७१ साली त्याच संस्थेने, ज्यांचा अभ्यास करावयाचा त्यांच्याविषयीचे कर्तव्य सर्वांत पहिले, असा नियम केला होता. हा नियम कंपनीच्या दारात टिकावयाचा असेल, तर आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्या लागतील. आपण कोणाच्या वतीने विचारीत आहोत, हे ज्याला विचारावयाचे त्याला सांगता येते काय? ‘हे करू नका’ असा निष्कर्ष निघाला तर तो लिहिण्यास मोकळीक आहे काय? आणि जे आढळले ते त्या लोकांसही वाचावयास मिळेल काय?

तिसऱ्या अटीवर व्यापारी हरकत घेईल, आणि तिच्यात तथ्य आहे. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याने आपला पाक किती घट्ट करावयाचा हे शेजारच्या दुकानदारास सांगावे, असे कोणी म्हणणार नाही. पण मालाचे गुपित आणि माणसाचे गुपित यांत भेद केला पाहिजे. पाक त्याचा आहे. गिऱ्हाइकाचा स्वभाव गिऱ्हाइकाचा आहे. द्रुतगती मार्ग आणि तळेगावचे कारखाने आल्यापासून मावळात पुष्कळ जमिनी विकल्या गेल्या. हाती एकदम पैसा आलेल्या घरात लग्न, गाडी आणि कर्ज यांचा क्रम कसा लागतो, हे एखाद्या अभ्यासकाने कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी शोधून काढले, आणि त्या घरास मात्र ते कधीच कळले नाही, तर तो कुलकर्ण्याच्याच ओट्यावर बसला आहे असे म्हणावे लागेल.

हे अशक्यप्राय नाही. इरावती कर्वे या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानवशास्त्र या विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी व जाई निंबकर यांनी कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी केली, आणि ती १९६९ साली छापून प्रसिद्ध झाली. धरण आधी झाले आणि विचारपूस मागाहून, हे शल्य राहिलेच. परंतु ती वही कोणा एकाच्या कपाटात बंद राहिली नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने हा क्रम उलटा करण्याचा यत्न केला. जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणामांची पाहणी करावी, जाहीर सुनावणी घ्यावी, आणि अहवाल स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीस उपलब्ध करावा, असे त्यात सांगितले आहे. बाजारातील पाहणीस मात्र असे बंधन नाही. तेथे अभ्यासकाची सदसद्विवेकबुद्धी हेच काय ते बंधन.

‘मी नाही म्हटले तर दुसरा कोणी ते करील’, हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. कुलकर्णीही तेच म्हणत असेल. दुसरा कोणी करील हे खरे. पण ज्या घराने आपल्याला ओसरीवर बसवून पाणी दिले, त्या घराने दुसऱ्यावर नव्हे, आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. म्हणून ज्या घरातील मुलगी वा मुलगा ही नवी चाकरी धरावयास निघाला असेल, तेथील वडील मंडळींनी पगाराचा आकडा अवश्य विचारावा, आणि त्याबरोबर हेही विचारावे की, बाळ, तू जे लिहून आणशील ते त्या माणसांपुढे मोठ्याने वाचून दाखविता येईल ना? उत्तर होकारार्थी असेल तर खुशाल जाऊ द्यावे. कारखान्यांना आणि बँकांना अशा माणसांची गरज आहेच.