कोऱ्या कागदावरची सही

एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि पॅथॉलॉजीतल्या एमडीची तीन, एवढं उरकून ती मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या रुग्णालयात रुजू झाली. आईला मात्र अजून उलगडा होत नव्हता. “एवढी डॉक्टर झालीस आणि पेशंट तपासणार नाहीस म्हणतेस?” पेशंट तिच्याकडंही येणार होते, पण ते जांभळ्या टोपणाच्या नळीतून, फॉर्मॅलिनच्या बाटलीतून, काचेच्या पट्टीवरून. तेवढ्यावरून आजार ओळखायचा आणि ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याची काळजी वाहायची, हेच तिचं काम.

पहिल्याच दिवशी मॅनेजरनं टेबलावर कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा आणून ठेवला. “मॅडम, वेळ मिळेल तशा शंभरेक सह्या करून ठेवा. आधीचे सर आठवड्यातून एकदा यायचे, सगळ्या सह्या एकदम करून जायचे. कुणाचा खोळंबा नको.” ड्रॉवरमध्ये त्या सरांच्या सह्यांचे काही कागद अजून शिल्लक होते.

त्याच आठवड्यात गावातले चार लॅबवाले येऊन गेले. एकानं पेढे आणले होते. “न्यायालयाचा निकाल आहे मॅडम, पॅथॉलॉजिस्टच्या सहीशिवाय रिपोर्ट देता येत नाही. तुम्ही फक्त सही स्कॅन करून द्या. महिन्याच्या पाच तारखेला पैसे खात्यात.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये कायम केलं. निकाल रुग्णाच्या भल्यासाठीच होता, पण ज्यांना नुसती सही हवी होती त्यांनी त्यातून सही तेवढी उचलली.

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चौघांचे पैसे मिळून पगाराहून जास्त होत होते आणि शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. तिला इथं नावं ठेवणं सोपं आहे. पण नव्या डॉक्टरला ‘गैरकाम कराल का’ असं कुणी विचारतच नाही. ‘लोकांची अडचण दूर कराल का’ असं विचारतात, आणि तेही हात जोडून.

गणपतीचे दिवस होते, तापाची साथ जोरात होती. एका शेतमजुराचा पोरगा तापानं ॲडमिट झाला. मशीननं प्लेटलेट दाखवल्या 18,000. वॉर्डातल्या डॉक्टरांनी लातूरला हलवायला सांगितलं, प्लेटलेटच्या पिशव्यांची सोय करून ठेवा म्हणाले. लॅबच्या दारातच पोराचा बाप फोनवर गाभण म्हशीचा सौदा करत होता. व्यापारी भाव पाडत होता आणि बाप पडत्या भावाला हो म्हणत चालला होता.

“मॅडम,” टेक्निशियन काका म्हणाले, “स्लाइड केलीय. बघायची असंल तर.”

स्लाइड देखणी होती. एका टोकाला दाट, पुढं एकसारखा पातळ होत गेलेला थर, लिशमनचा रंग नेमका चढलेला. तिनं तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स फिरवली. सुरुवातीला खरोखरच प्लेटलेट दिसेनात. मग शेपटाकडं सरकली, आणि तिथं जांभळ्या ठिपक्यांचे घोळकेच्या घोळके एकमेकांना धरून बसलेले. काहींच्या रक्तात जांभळ्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळं प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात तसं काही होत नसतं, नळीत होतं. मशीन आकारमानावरून मोजतं, त्यामुळं एवढा मोठा घोळका त्याच्या लेखी प्लेटलेट नसतोच.

काकांनी निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं आणि लगेच मशीनला लावलं. आकडा आला 1,50,000. त्या नळीतल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं, म्हणून एक पूर्णांक एक दशांशानं गुणायचं. 1,65,000. ती स्वतः वॉर्डात जाऊन सांगून आली. पोराला तापाचंच औषध पुरलं. बापानं व्यापाऱ्याला फोन करून म्हैस द्यायची नाही म्हणून सांगितलं, वर दोन शिव्याही हासडल्या.

संध्याकाळी तिनं काकांना विचारलं, “आधीचे सर या स्लाइड बघायचे?”

“नाही.”

“मग तुम्ही करत कशाला होता?”

“डीएमएलटीला शिकवलं होतं, मशीनचा आकडा वेडावाकडा आला की स्लाइड करायची. ते माझं काम. बघायचं काम माझं नाही.” त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत स्लाइडचे डबे रचून ठेवले होते. प्रत्येक काचेच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीनं तारीख आणि नंबर.

या माणसाला कुणी शाबासकी दिलेली नव्हती. रिपोर्ट आधीच सही केलेल्या कागदावर छापून जात, तरी हा रोज काच पुसून, थर ओढून, रंग देऊन, वाळवून जपून ठेवत होता.

ती रोज काम संपल्यावर एकेक डबा घेऊन बसू लागली. बहुतेक स्लाइडमध्ये विशेष काही नसे. मग चार महिन्यांपूर्वीची एक हाती लागली आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या, आणि त्याही सगळ्या वयाच्या. अस्थिमज्जेत असायच्या त्या कोवळ्या पेशी रक्तात उतरलेल्या, जोडीला बेसोफिल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा दाट संशय. रजिस्टर काढलं. बाई, वय 38, पांढऱ्या पेशी 46,000. खाली सरांची सही. केसपेपरवर इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक.

दुसऱ्या दिवशी काका मोटारसायकल काढून रजिस्टरातल्या पत्त्यावर गेले. बाई रानात खुरपत होती. डाव्या कुशीत जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, म्हणाली. बीसीआर-एबीएल तपासणीनं निदान पक्कं झालं. या आजारानं पूर्वी माणूस काही वर्षांत हाती राहत नसे. अमेरिकेत 2001 मध्ये इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि आज रोजच्या गोळीवर लोक वर्षानुवर्षं कामधंदा करतात. बाईची गोळी सुरू झाली. चार महिने मात्र वाया गेले होते आणि ते तिला भरून देणारं कुणी नव्हतं.

तिनं तो रिपोर्ट आणि ती स्लाइड मॅनेजरसमोर ठेवली. “चुकलं काय यात?” त्यानं विचारलं. “आकडा तर बरोबर आहे.”

“आकडा बरोबर आहे, सहीही खरी आहे. मधे कुणी बघितलं नाही.”

कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा तिनं परत केला आणि ड्रॉवरमधले सह्यांचे कागद त्याच्यासमोर फाडले. दुपारी बाराला जाणारे रिपोर्ट आता चारला जाऊ लागले. वॉर्डात कुरकुर झाली. एक तरुण डॉक्टर मात्र ‘मलाही दाखवा’ म्हणत मायक्रोस्कोपवर येऊन बसू लागला.

लॅबवाल्यांना तिनं अट घातली: नमुना आणि स्लाइड माझ्याकडं आली पाहिजे, मी बघेन तेवढ्यावरच सही करेन. तिघं पुन्हा फिरकले नाहीत. कर्ज फिटायला आणखी काही वर्षं लागणार, हे तिनं घरी कळवून टाकलं. चौथा, पेढे आणणारा, महिन्याभरानं स्लाइडचा डबा घेऊन आला. थर जाड, रंग काळपट, एकही स्लाइड वाचण्याजोगी नव्हती. तो ओशाळला. तिनं काकांना हाक मारली. काकांनी त्याला शेजारचं स्टूल दिलं, एक कोरी काच हातात ठेवली आणि म्हणाले, “थेंब लहान घ्या. हात एवढा तिरपा. आता न थांबता ओढा.”