मनातलं बोलू द्या

एकेकाळी पहाटे घरोघरी जाती फिरत. बायका ओव्या गात. सासरचा जाच, माहेरची ओढ, लेकराचं दुखणं, सारं जात्यापाशी मोकळं होई. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा असंख्य ओव्या जपून ठेवल्या.

दळताना समोर बसलेली बाई जात्याच्या खुंट्याला हात लावी. पुढची ओवी उचली. उपदेश नाही, चौकशी नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. तिने मनातलं बोलू दिलं.

जाती गेली, ताण राहिला. ऊसतोडीच्या फडावर आहे, परगावच्या खोलीत एकट्याने अभ्यास करणाऱ्या पोरातही आहे. त्याचा फोन आला, तर लगेच मार्कांचं विचारू नका. मनातलं बोलू द्या. रडला, तरी बोलू द्या.